समोरच्या शेडचं ब्लेड

हनीफभाई, गेल्यावरसुद्धा तुम्ही मला पेचात टाकलंच. तुमच्या पोरांनी माझ्या मशीनच्या टेबलावर तो गारांचा दगड चढवून ठेवलाय. भिंतीला दोन ब्लेडं टेकवलीत, एक माझं आणि एक तुमचं. आणि मी निवलेला चहा हातात धरून नुसती बसलेय. तुम्ही असतात तर एव्हाना रस्ता ओलांडून आला असतात, माझ्या हातातलं ब्लेड काढून घेतलं असतंत, मी ते परत हिसकावलं असतं, आणि दगड नेहमीसारखा कापायचा राहिला असता. आता रस्ता ओलांडून कोणी येत नाही.

दुखवट्याला आलेली माणसं तुमचं चांगलं चांगलं बोलत होती. तुम्ही कुणाला कशी मदत केली, कुणाच्या घराची फरशी कशी वेळेत दिली. माझ्याजवळ सांगण्यासारखं तसलं काही नव्हतं. माझ्याजवळ फक्त भांडणं होती. करमाडच्या अलीकडं जालना रोडला एका अंगाला तुमची दगड कापायची शेड, दुसऱ्या अंगाला माझी, आणि मधून शेंद्र्याच्या कारखान्यांकडं जाणारे ट्रक. इतकी वर्षं आपण एकमेकांची गिऱ्हाइकं पळवली, एकमेकांची ब्लेडं उसनी नेली आणि दिवसभर एकमेकांची मशीनं ऐकली. हे असलं काही दुखवट्यात बोलता येत नाही, म्हणून इथं कागदावर लिहितेय.

आवाजावरून तर सगळंच कळायचं. तुमच्याकडून खर्रर्र असा भरलेला आवाज आला की समजावं, ब्लेड दगडाला नीट लागतंय. तोच आवाज बारीक आणि चिरका झाला की ब्लेड गुळगुळीत झालं, आता ते कापत नाही, नुसतं घासतंय. माझ्या मशीनचा आवाज असा बिघडला की माझ्याआधी तुम्हाला कळायचं. हातातलं काम सोडून तुम्ही दारात यायचात आणि तोंडाशी हात धरून ओरडायचात, "ओ सुमनताई! धार उघडा! रडू राह्यलं ते!" माझं डोकं फिरायचं. माणसानं आपापल्या शेडमध्ये बघावं की नाही? मी ऐकलंच नाही असं दाखवून आणखी दोन इंच रेटायचे आणि मग गुपचूप वीट काढायचे. मऊ विटेतून ब्लेड दोनचारदा फिरवलं की वरचा गुळगुळीतपणा खरवडून जातो, आतले हिऱ्याचे ताजे कण वर येतात आणि ब्लेड परत कापायला लागतं. माझा आवाज सुधारला की तुम्ही तिकडून हात हलवायचात. ते हात हलवणं मला सगळ्यात जास्त झोंबायचं.

त्या सकाळी तुमच्याकडून काहीच आवाज आला नाही. मी म्हटलं, म्हाताऱ्याला आज आळस चढला. माझं कडप्प्याचं काम चालू होतं, कुणाच्या तरी ओट्याचं. मध्येच ब्लेड चिरकायला लागलं. सवयीनं मी दोन इंच रेटलं. कोणी ओरडलं नाही. आणखी रेटलं. तरी कोणी ओरडलं नाही. मग मशीन बंद करून दारात आले, तर तुमच्या शेडसमोर माणसं जमलेली. पहाटे नमाजाला उठलात, बरं वाटत नाही म्हणून भिंतीला टेकून बसलात, ते बसलातच, असं भाभी नंतर सांगत होत्या.

तुमच्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. मी तर तुमच्यातलीही नाही. आमच्याकडं मी विहारात मेणबत्ती लावून बसले असते, वंदना म्हटली असती, पण तुमच्यासाठी काय करायचं हे मला कळेना. मशीन बंद ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि दारात उभी राहिले. जनाजा माझ्या दारावरून गेला. ट्रकवाल्यांनीही गाड्या हळू केल्या होत्या. आजवर माझ्या दारावरून तुम्ही खोडी काढल्याशिवाय कधी गेला नव्हतात. त्या दिवशी गेलात.

भाई, तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. मानायला हवे होते असं आता वाटतं, पण तेव्हा मानले असते तर तुम्ही महिनाभर त्याचीच टिंगल केली असतीत. माझे मालक गेले तेव्हा घरात बसलेला प्रत्येक जण एकच सांगत होता, शेड विकून टाक. बाईमाणसाला दगडाचा धंदा झेपायचा नाही. माझी पल्लवी तेव्हा शाळेत होती. तुम्ही येऊन बसलात. मला वाटलं, आता हेही विकायचंच सांगणार, वर गिऱ्हाईकही हेच होणार. उठताना तुम्ही म्हणालात, "ताई, बंद नक्को करा. समोर कोनी नसलं तर मी भांडू कोनाशी? धंद्यात मजाच नाय राहनार." एवढंच. धीर देणारं एक अक्षर नाही. पण दुसऱ्या दिवशी मी शेडचं दार उघडलं, ते त्या एका वाक्यावर उघडलं. तुम्हाला हे कधी कळलं का, मला माहीत नाही. बहुतेक कळलं असावं, कारण त्याच आठवड्यात तुम्ही माझं पहिलं गिऱ्हाईक पळवलंत.

ब्लेडाचं गणित मला मालकांनी शिकवलं होतं, तुम्ही नाही, हे इथं स्पष्ट सांगून ठेवते, कारण तुम्ही गावभर उलटं सांगत फिरायचात. या धंद्यात नवा माणूस एकाच ठिकाणी फसतो. त्याला वाटतं, दगड कडक तर ब्लेडही कडक पाहिजे. आणि असतं नेमकं उलटं. ब्लेडाच्या कडेला धातूत हिऱ्याचे कण बसवलेले असतात. आपल्या काळ्या दगडावर ते कण लवकर बोथट होतात, म्हणून तिथं धातू मऊ लागतो, म्हणजे तो झिजतो, बोथट कण गळून पडतात, आतले नवे वर येतात. आणि धोलपूरसारखा भुसभुशीत लाल दगड असला की तो धातूच खाऊन टाकतो, तिथं कडक ब्लेड लागतं. मार्बल मऊ पण नखरेल, त्याची कड उडते, म्हणून त्याला खाचा नसलेलं, अखंड कडेचं ब्लेड. एवढ्यावर आपलं दोघांचं एकमत होतं. बाकी कशावरच नव्हतं.

लाल ठिपक्याचंच घ्या. ब्लेडावरचा छाप पाण्यानं आणि दगडाच्या गाळानं आठवड्यात पुसून जातो, म्हणून प्रत्येक शेडवाला आपापली रंगाची खूण करतो. माझ्याकडं लाल ठिपका म्हणजे काळ्या दगडाचं ब्लेड. एकदा माझं ब्लेड ऐन कामात गेलं आणि मी तुमच्याकडून लाल ठिपक्याचं मागून आणलं. तुम्ही गिऱ्हाइकाशी बोलत होतात, मान हलवलीत, मी घेऊन आले. काळ्या दगडाला लावलं मात्र, असं किंचाळलं की झाडावरची पाखरं उडाली. तुम्ही अनवाणी, ट्रकसमोरून हात करत रस्ता ओलांडून आलात. "अरे बंद करो वो! मार्बलचं हाय ते! मार्बलचं!" तुमच्याकडं लाल म्हणजे मार्बल. नाजूक दगड, जपून, म्हणून लाल. मी म्हटलं, लाल म्हणजे कडक दगड, हे शेंबडं पोरगंही सांगेल. तुम्ही म्हणालात, लाल म्हणजे थांबा, सिग्नल बघितला नाय का क्रांती चौकात? त्यावर आपण तासभर भांडलो आणि गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं. खूण कोणी बदलायची हे ठरलं नाही. मग कोणीच बदलली नाही. तेव्हापासून उसनं ब्लेड आणताना दोघंही मनातल्या मनात रंग उलटा करून घ्यायचो.

ब्लेडं आणायला शहरात मात्र आपण बरोबर जायचो. लोकांना वाटायचं, केवढं सख्य! खरं तर मला बघायचं असायचं की तुम्ही काय घेता, आणि तुम्हाला बघायचं असायचं की मी काय घेते. दुकानात ब्लेड बोटावर टांगून तुम्ही नखानं टिचकी मारायचात आणि कान लावायचात. आवाज घंटीसारखा लांबला तर ठीक, बसका आला तर आत कुठंतरी बारीक तडा. काउंटरवरची माणसं हसायची. मग परतताना गुलमंडीच्या बाजारात भाभींसाठी ओढणी घ्यायची ठरलेली. तुम्ही मला विचारायचात, "ताई, कोणता रंग?" मी सांगायचे आणि तुम्ही दुसराच घ्यायचात. कापडही तुम्ही दगडासारखं चिमटीत धरून बघायचात. "हे नाय टिकत, भुसभुशीत हाय," असं तुम्ही दुकानदाराच्या तोंडावर म्हणायचात आणि मी दोन दुकानं पुढं जाऊन उभी राहायचे. भाभींनी मला नंतर सांगितलं की प्रत्येक ओढणी देताना तुम्ही म्हणायचात, सुमनताईंनी पसंत केलीय. तुमच्या या असल्या लबाड्या आता एकेक करून कळतायत, आणि भांडायला तुम्ही नाही.

आता या दगडाकडं येते. करमाडच्या शिवारात विहीर खोदताना ही लादी निघाली. चार बोटं जाड, काळीभोर, आणि मधोमध पांढऱ्या गारांचा, म्हणजे गारगोटीचा पट्टा. ऊन पडलं की लखलखतो. शेतकऱ्यानं ट्रॅक्टरवर घालून तुमच्या शेडच्या कोपऱ्यात आणून टाकली आणि तुम्ही मला हाक मारलीत. दोघंही बघत उभे राहिलो. असा दगड आपण कधी कापला नव्हता. मधून दोन भाग करायचे तर ब्लेड आधी काळ्यातून जाणार, मग गारांतून, मग परत काळ्यातून. काळा लोखंडासारखा आणि गारा काचेसारख्या. लावायचं कुठलं?

मी म्हटलं, काळ्या दगडाचंच लावायचं. जास्त भाग त्याचा आहे. गारा आल्या की हात हलका करायचा.

"हात हलका? तुमचा?" तुम्ही म्हणालात.

"का, माझ्या हाताला काय झालं?"

"ताई, गारा उडाल्या तर परत चिकटवता येत नाय. दगड जिथं नाजूक हाय, तिथलं ब्लेड लावायचं. बाकीच्या दगडानं सबर करायचा."

"सबर करायचा म्हणजे? मार्बलचं ब्लेड काळ्यावर दर वीतभराला गुळगुळीत होणार. दिवसभर विटा कापत बसू का?"

"हौ, बसायचं. कुठं जायचंय तुम्हाला?"

तेव्हापासून ती लादी कोपऱ्यातच राहिली. एका हॉटेलवाल्याला ती टेबलासाठी हवी होती. त्याच्यासमोरही आपण हेच भांडलो. तो बिचारा म्हणाला, कुठल्याही ब्लेडानं कापा, पण कापा. आपण दोघांनी त्याच्याकडं असं बघितलं की तो परत आला नाही. पावसाळा आला की तुम्ही लादीवर पोतं टाकायचात. मी विचारायचे, कापली का? तुम्ही विचारायचात, ब्लेड कळलं का? एवढ्यावर कितीतरी दिवस गोड गेले. गोड होते, हे आता म्हणतेय.

परवा भाभी रस्ता ओलांडून आल्या. मी त्यांना कधी एकटीनं रस्ता ओलांडताना बघितलं नव्हतं. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि म्हणाल्या, "सुमन, उनके सिरहाने पत्थर लगाना है. पोरं म्हनतात, तयार आनू, चमकनारा. मला नक्को. वो तुम दोनों का झगडेवाला पत्थर है ना, वो लगाओ. आधा बस होता." पदराखालून त्यांनी कापडात गुंडाळलेलं तुमचं ब्लेड काढून माझ्यासमोर ठेवलं. लाल ठिपका. "लगाना है तो लगाओ," म्हणाल्या, "नाय तर तुम्हारा लगाओ. मला त्यातलं कळत नाय." मग आम्ही दोघीही रडलो. मी एरवी कुणासमोर रडत नाही, तुम्हाला माहीत आहे.

पल्लवीचा रोज फोन येतो. ती बजाजनगरला सुखात आहे, जावई कंपनीत. "आई, आता पुरे झालं. हनीफचाचा पन गेले. कोनासाठी करतीस तू हे? बंद कर आन् इकडं ये," म्हणते. ती चुकीचं बोलत नाही. सकाळी दार उघडलं की समोर तुमचं पत्र्याचं दार बंद दिसतं. माझं मशीन सुरू होतं, आणि त्याला उत्तर देणारं दुसरं मशीन सुरू होत नाही. काल एक गिऱ्हाईक आलं, तुमच्याकडं जाणारं होतं ते, आणि मला त्याचा जराही आनंद झाला नाही. पूर्वी असं गिऱ्हाईक मिळालं की मी तुम्हाला दिसेल अशा जागी खुर्ची टाकून त्याला चहा पाजायचे. मी एकटी पडलेय, भाई. घरात एकटी राहायची सवय आहे मला. धंद्यात एकटी राहायची नाही.

मी तिला सांगितलं, एवढा तुझ्या चाचांचा दगड कापून देते, मग बघू. ती म्हणाली, मग ये म्हणजे. मी हो म्हटलं.

इथवर लिहिलं आणि उठले. चहा ओतून दिला. दोन्ही ब्लेडं बोटावर टांगून टिचकी मारून बघितली. दोन्ही चांगली वाजली, त्यामुळं तिथंही काही ठरलं नाही. मग तुमचं लावलं. तुमचं म्हणणं पटलं म्हणून नव्हे. माझ्या ब्लेडानं गारा उडाल्या असत्या तर तुमच्या उशाशी मी तुटका दगड ठेवला असता, आणि तुम्ही कयामतपर्यंत तो लोकांना दाखवला असता. शिवाय लादी एकच आहे.

पाण्याची नळी सोडली, मशीन लावलं. वीतभर बरं गेलं आणि चिरकायला लागलं. माझा हात आपोआप रेटायला गेला. थांबवला. मशीन बंद केलं, वीट घेतली, धार उघडली. परत लावलं, परत चिरकलं. दर वेळी चिरकलं की मी मान वर करून दाराकडं बघत होते. कुणीतरी तोंडाशी हात धरून ओरडेल असं वाटायचं. ट्रक जात होते. मग स्वतःच म्हणायचे, "धार उघडा सुमनताई," आणि वीट घ्यायचे. दुपार कलली तेव्हा ब्लेड गारांत शिरलं. तिथं आवाज असा गोड झाला की मी श्वास रोखून उभी राहिले. एकही गार उडाली नाही. पलीकडच्या काळ्यातून परत तेच, चिरकणं आणि वीट. शेवटी दगडाचे दोन भाग झाले. पाण्यानं धुतला, हात फिरवला. कड अशी आलीय की तुम्हीसुद्धा खोट काढली नसतीत. काढली असतीत, पण शोधावी लागली असती.

संध्याकाळी तुमची पोरं अर्धा भाग टेम्पोतून घेऊन गेली. भाभी दारात उभ्या होत्या. पोरांपैकी थोरला म्हणाला, "चाची, अब्बा का ब्लेड लगाया क्या?" मी म्हटलं, व्हय. तो हसला. मी त्याला लगेच सांगितलं, हसू नकोस, यानं काही सिद्ध होत नाही. माझ्या ब्लेडानं हेच काम अर्ध्या वेळात झालं असतं, आणि गाराही राहिल्या असत्या. कदाचित.

ते कदाचित आता माझ्या शेडमध्ये भिंतीला उभं आहे. उरलेला अर्धा भाग. त्यातही गारांचा पट्टा आहे, दोन्हीकडं काळा दगड आहे. माझं ब्लेड लावून तो कापला की कळेल, तुम्ही खरे की मी. तासाभराचं काम. मी ब्लेड हातात घेतलं, माझ्या लाल ठिपक्याचं, आणि न लावताच खिळ्याला अडकवलं. तुमचं त्याच्या शेजारच्या खिळ्यावर. दोन्ही लाल. रंग तसेच राहू दिले. मग लादीवर तुमच्यासारखं पोतं टाकलं.

तेवढ्यात पल्लवीचा फोन.

"आई, झाला का दगड?"

"तुझ्या चाचांचा झाला."

"मग येतीस ना आता?"

"नाय," मी म्हटलं, "अजून एक कापायचा राह्यलाय."

"किती दिवस लागतील?"

मी रस्त्यापलीकडं बघितलं. तुमचं दार बंद होतं.

"लई," मी म्हटलं.